घर चार इंचांनी ठेंगणं निघालं

“काका, घरातल्या कमोडची उंची किती आहे?”

वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे विचारलं ते १४ जुलैला संध्याकाळी. माझा खुब्याचा सांधा बदलला होता आणि दुसऱ्या दिवशी मला घरी सोडणार होते. मी बत्तीस वर्षं ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे नि अवजारं बनवण्यात, काढली, हाताखालच्या पोरांना मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून, झापलं, पण रोज ज्यावर बसतो त्याची उंची काही मला सांगता येईना. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, मी जेवतोय.” जेवण आटोपल्यावर त्यानं टेप लावली आणि आकडा कळवला. सीटसकट सव्वापंधरा इंच. बाईंनी मला खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. अठरा इंच. “म्हणजे जवळजवळ तीन इंच कमी. उद्या घरी पोचायच्या आत त्यावर काहीतरी बसवून घ्या.”

हे लिहिणं त्या ‘काहीतरी’बद्दल आणि त्याच्या भावंडांबद्दल आहे. डॉक्टर कोण, खर्च किती, विम्यानं किती छळलं, हे ज्याचं त्यानं बघावं. ऑपरेशन दोन-अडीच तासांत उरकतं. वॉकर, कमोडची उंच सीट, चिमटा, काठी यांच्याशी मात्र पुढचे दोन-तीन महिने संसार करावा लागतो, आणि त्यांच्याबद्दल नीट कोणी सांगत नाही. सर्जिकलच्या दुकानात “सगळे हेच नेतात काका” एवढंच ऐकायला मिळतं.

आधी उंचीचं प्रकरण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या डाव्या खुब्याला एव्हीएन झालं होतं. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतल्या आत मरतं आणि वजनाखाली चेपत जातं. ११ जुलै २०२५ ला तो गोळा काढून नवा बसवला. माझा सांधा मागच्या बाजूनं उघडला होता. तसं असलं की पहिले काही आठवडे तीन गोष्टी वर्ज्य. मांडी आणि धड यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, तो पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे न्यायचा नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. हे तिन्ही एकदम झालं की गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीतून मागे निसटू शकतो. पुढून किंवा बाजूनं उघडलेल्यांचे नियम वेगळे असतात. अलीकडे काही सर्जन ही बंधनं बरीच सैलही ठेवतात. तेव्हा माझं वाचून कोणी आपलं ठरवू नये, आपल्या सर्जनकडून कार्डावर लिहून घ्यावं.

आता नव्वद अंश म्हणजे काय? बसायची जागा गुडघ्यापेक्षा खाली असली की गुडघा खुब्याच्या वर जातो आणि कोन मोडलाच. उठताना आपण पुढे झुकतो, तेव्हा तो आणखी मोडतो. म्हणून बसायची जागा गुडघ्याच्या घडीपेक्षा इंच-दोन इंच वरच हवी. माझ्यासाठी एकोणीस ते वीस इंच. मुलानं त्या रात्री टेप घेऊन घरभर मोजलं. सोफा सोळा, पण माणूस बसला की तीन इंच खाली. पलंग गादीसकट सतरा, बसल्यावर साडेपंधरा. दिवाण चौदा. गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची साडेसोळा, शिवाय मागे कललेली. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची तेवढी अठरा. थोडक्यात, नौपाड्यातलं आमचं वन बीएचके माझ्यासाठी सरासरी चार इंचांनी ठेंगणं होतं. चाळीस वर्षं राहतोय, कधी कळलं नव्हतं.

पहिली उंच सीट मुलानं घाईघाईत सकाळी आणली. अकराशे रुपये, चार इंच उंच, पांढरं प्लॅस्टिक, खाली चार रबरी गुटके. क्लॅम्प नाही. नुसती वर ठेवायची. दुकानदार म्हणाला होता, माणसाच्या वजनानंच बसते. टूलरूमवाल्याला हे वाक्य ऐकवायला नको होतं, पण मी तेव्हा दवाखान्यात होतो. तिसऱ्या रात्री दोन वाजता मी उठण्यासाठी किंचित उजवीकडे भार दिला आणि सीट भांड्यावरून दोन बोटं सरकली. पडलो नाही. डावा हात वॉकरवर होता आणि ही दाराशीच उभी होती, कारण दार लावायची मला परवानगी नव्हती. पण त्या क्षणी जो घाम फुटला तो ऑपरेशनच्या टेबलावरही फुटला नव्हता. वापरलेला माल परत घेत नाही, असं दुकानदारानं सांगितलं. त्यात त्याचं चूक नाही, अशी वस्तू परत कोण घेईल? पण विकायलाही नको होती. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तसला माल रांगेनं सगळीकडे टांगलेला दिसतो.

दुसरी सीट तेवीसशेची. तीही चार इंचच, पण दोन्ही बाजूंना क्लॅम्प, प्लॅस्टिकच्या मोठ्या नटानं आवळायचे, आणि दोन बाजूंना हात टेकायला दांड्या. हिला मी पाचापैकी साडेचार देतो. बसवल्यावर मुलाला सांगून ती दोन्ही हातांनी पिळून बघायला लावली, जॉब लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरला की हलवून बघतात तशी. हलली नाही. मात्र घ्यायला जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे भांड्याचा आकार. हल्ली चौकोनी कडांचे कमोड आलेत, त्यांच्यावर गोल भांड्यासाठीचे क्लॅम्प धरत नाहीत. मोबाइलवर वरून आणि बाजूनं फोटो काढून न्यावा. दुसरं म्हणजे प्लॅस्टिकचे नट रोजच्या वापरानं हळूहळू सैल पडतात. दर दोन दिवसांनी हातानं आवळायचे. पान्यानं आवळू नका, आटे जातील.

अर्धा गुण कापला तो धुण्याच्या सोयीसाठी. ज्यानं ही सीट आखली तो कागदवाला असावा. चार इंच वर बसलं की बाजूच्या जेटची नळी पोचत नाही, आणि पोचवायला वाकलं की नव्वद अंश गेले. पुढून हात घालायचा तर पुढे झुकावं लागतं, मागून घालायचा तर कंबर पिळावी लागते. दोन्ही वर्ज्य. हा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात सापडला नाही आणि लाजेपोटी कोणी विचारतही नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. उपाय साधा होता. प्लंबरला बोलावून जेटची नळी लांब घातली आणि तिचा हुक खांद्याच्या उंचीवर उजव्या हाताला लावला. दोनशे रुपये मजुरी. सीट आणि भांडं यांच्यामधल्या फटीत घाण साचते, ती रोज धुवावी लागते. ते काम माझ्याच्यानं होणारं नव्हतं. हिनं केलं, एक अक्षर न बोलता. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सोफ्याचा नाद सोडला. जेवणाची हातवाली खुर्ची हॉलमध्ये आणून तिच्यावर दोन इंचांचा घट्ट फोम घातला, वीस इंच झाले. मऊ उशी घालू नका, बसलं की चपटी होते. टीव्हीसमोरची ती खुर्ची माझी, हे नातवानं इतक्या गांभीर्यानं घेतलं की पाहुण्यांना तो उठवायचा.

पलंगाखाली विटा घाला, असं शेजारच्या वहिनींनी सुचवलं. पूर्वी घरोघरी घालायचेच. पण वीट फुटते आणि पलंगाचा पाय तिच्यावरून घसरतो. मी दवाखान्यातूनच कागदावर ड्रॉइंग काढून पाठवलं. सहा इंच चौरस सागवानी ठोकळा, वर पलंगाच्या पायाच्या मापाचा दहा मिलिमीटर खोल खड्डा, आणि खड्ड्याच्या तळापासून खाली नेमके चार इंच. सुतारानं आठशे रुपयांत चार ठोकळे करून दिले. पाय खड्ड्यात बसला की जागचा हलत नाही. या सगळ्या खरेदीत सर्वांत कामाला आलेली वस्तू हीच. सर्जिकलच्या दुकानात मिळत नाही. पाचापैकी पाच, आणि यात ड्रॉइंग माझं होतं म्हणून पक्षपात नाही.

घरी आणण्याचा प्रसंग थोडक्यात सांगतो. रिक्षा नको म्हणाले होते, कारण सीट खोल आणि आत शिरताना वाकावं लागतं. मुलाच्या मित्राची गाडी होती. पुढची सीट पूर्ण मागे सारून पाठ कलती केली आणि सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र धरून आत वळायचं. पिशवीमुळे माणूस घसरत वळतो, पाय पिळला जात नाही. ही युक्ती उत्तम. पिशवी गाडी सुटायच्या आधी काढून घ्यावी, नाहीतर ब्रेकला तुम्ही डॅशबोर्डवर.

आणि मग जिना. आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. पुनर्विकासात दोन लिफ्ट मिळणार आहेत. नऊ वर्षांपासून मिळणार आहेत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या छत्तीस. वॉकर जिन्यावर चालत नाही, तो मुलानं वर नेला. एका हातानं कठडा, दुसऱ्या बगलेत कुबडी. वॉर्डात चार पायऱ्यांवर सराव करून घेतला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. घरात आम्ही पायांना जुना आणि नवा म्हणायला लागलो होतो, त्यामुळे हिनं ते सोपं करून टाकलं: “अहो, जुना वर नेतो, नवा खाली आणतो.” प्रत्येक जिन्याच्या वळणावर ती हे मोठ्यानं म्हणत होती आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून ऐकत होते. छत्तीस पायऱ्यांना सतरा मिनिटं लागली. पहिल्या मजल्यावर खुर्ची मांडून ठेवली होती, हीच ती अठरा इंची, वर फोमसकट.

आता वॉकर. घडीचा, ॲल्युमिनियमचा, दोन्ही बाजूंच्या बटणांनी मिटणारा. आम्ही आधी भाड्यानं घेतला, महिना तीनशे आणि हजार अनामत. पहिल्याच दिवशी मी त्याला उलटा करून तपासला, तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही आजारी आहात.” चार पायांपैकी एकाचं रबर झिजून आतली नळी टेकत होती. मोझॅकच्या फरशीवर, जुलैच्या दमट हवेत, उघड्या नळीवर चालणं म्हणजे तेल सांडलेल्या मशीनशॉपमध्ये चपला घालून फिरणं. दुसरा दोष बारीक होता. पायांची उंची इंचाइंचानं वाढवता येते, स्प्रिंगचं बटण भोकातून बाहेर येतं. एका पायाचं बटण अर्धंच बाहेर आलं होतं. दिसायला बसलेलं, पण भार आला की आत सरकलं असतं. चारही बटणं टक् करून पूर्ण बाहेर आली का, हे अंगठ्यानं चाचपून बघा. वॉकर समतल फरशीवर ठेवून कोपऱ्यांवर दाबा. डुगडुगला की कुठलातरी पाय एका भोकानं चुकलाय.

भाड्याचा परत केला आणि तेराशे पन्नासला नवा घेतला. भाड्यानं घ्यायला हरकत नाही, पण रबरी बूट नवे मागून घ्या, चाळीस-पन्नास रुपयांचा तर प्रश्न. उंची ठरवायची रीत अशी: सरळ उभं राहून हात मोकळे सोडायचे, मनगटाची घडी जिथं येते तिथं वॉकरची मूठ. मग मूठ धरली की कोपर थोडं वाकतं, साधारण पंधरा ते तीस अंश. फार उंच असला तर खांदे कानाशी जातात, बुटका असला तर माणूस कमरेत वाकून चालतो.

वॉकरचा खरा त्रास वेगळाच. दोन्ही हात अडकतात. चहाचा कप खोलीतून खोलीत नेता येत नाही, वर्तमानपत्र काखेत मारावं लागतं. सुनेनं पुढच्या दांडीला कापडी पिशवी शिवून दिली. त्यात मोबाइल, चष्मा, पाण्याची लहान बाटली, गोळ्यांची डबी. याहून जास्त भरू नये, नाहीतर उचलताना वॉकर पुढे कलतो. पहिल्या दिवशी मी त्यात डहाणूचे चिकू ठेवले होते.

न्हाणीघराच्या दाराशी एक लढाई झाली. दाराची मोकळी रुंदी साडेतेवीस इंच, वॉकर खालच्या बाजूला बावीस. म्हणजे दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच आणि माझ्या बोटांची हाडं. त्यात दोन इंचांचा उंबरा, पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून घातलेला. आत जाताना खाली उतरणं, म्हणून वॉकर आधी आत, मग नवा पाय, मग जुना. बाहेर येताना वॉकर बाहेर, मग जुना, मग नवा. हे वाचायला सोपं, सकाळी साडेपाचला घाईत असताना सोपं नाही. आंघोळीचा प्लॅस्टिकचा ठेंगणा स्टूल, ज्यावर मी तीस वर्षं बसलो, तो माळ्यावर गेला. उंच स्टूल आला, रबरी पायांचा. पण बादली जमिनीवरच राहिली आणि पाणी घेण्यासाठी मी सवयीनं वाकलो. ही ओरडली. त्या दिवसापासून बादलीही दुसऱ्या स्टुलावर. भिंतीला आधाराची दांडी ठोकायला हवी होती, ऑपरेशनच्या आधी. टॉवेल वाळत घालायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे, ती दोन स्क्रूंवर असते आणि हातात येते.

चिमटा, म्हणजे लांब दांड्याचा, खाली पडलेलं उचलायचा, साडेचारशेला पडला. पाचापैकी दोन. वर्तमानपत्र उचलतो, मोजा उचलतो. गोळी, नाणं, पेन उचलत नाही. जबड्याला रबर आहे पण स्प्रिंगमध्ये दम नाही. मी आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, मग बरा झाला. लांब दांड्याचा शूहॉर्न दीडशेचा, चप्पल-बूट घालायला पुरेसा. मोजे चढवायचं यंत्र मागवलं नाही. चपलेत मोजे घालून मी कुठल्या पार्टीला जाणार होतो? दवाखान्यातून दिलेले घट्ट पांढरे मोजे मात्र चढवावे लागायचे, ते सूनबाई चढवायची. कोणाकडून पायात मोजे घालून घेणं हे सासऱ्याला किती अवघड जातं, हे तिला कळलं असावं. ती तेव्हा ऑफिसच्या गप्पा मारत राहायची.

आता सेवा. आधी ॲपवरून घरी फिजिओ मागवला. पैसे आगाऊ, दहा भेटींचे. पहिल्या तीन दिवसांत तीन वेगवेगळी माणसं आली. दुसऱ्या दिवशीच्या मुलानं मला उताणं झोपवून गुडघा छातीकडे ओढायला सांगितलं. मी म्हटलं, “अरे बाबा, नव्वद अंश!” तर म्हणाला, “काका, हे कंबरेसाठी चांगलं असतं.” माझी फाइल त्यानं उघडलीच नव्हती. उरलेल्या सात भेटींचे पैसे परत मिळायला एकवीस दिवस आणि सहा ईमेल लागले. सेवा एवढी वाईट का, याचं कारण मला वाटतं एकच. रोज नवा माणूस आला की कालचा पाय कोणी पाहिलेलाच नसतो. काल किती वाकला, आज सूज किती, उभं राहताना कुठं कचरलो, हे कागदावर येत नाही.

मग पाचपाखाडीतल्या एक फिजिओथेरपिस्ट मिळाल्या, तिशीच्या आतल्या, भेटीला सहाशे. पहिल्या दिवशी त्यांनी मला व्यायाम दिलाच नाही. चाळीस मिनिटं घर फिरल्या. “काकू, ही सतरंजी गुंडाळा. हे पायपुसणं उचला. ही एक्स्टेंशनची वायर भिंतीनं घ्या. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा.” हिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पायपुसण्याशिवाय घर म्हणजे काय! मग पिशवीतून एक साधन काढून माझ्या खुब्यावर धरलं. दोन पट्ट्या, मधे चकती, अंशांच्या खुणा. मी म्हटलं, “मॅडम, हा तर आमचा बेव्हल प्रोट्रॅक्टर!” त्या म्हणाल्या, “आम्ही याला गोनिओमीटर म्हणतो, काका. आता हलू नका.” त्या दिवसापासून मी त्यांचं सगळं ऐकलं.

व्यायाम बघायला हास्यास्पद, करायला घाम काढणारे. पडल्यापडल्या पाऊल वरखाली, तासाला दहा-वीस वेळा, पोटरीतलं रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून. त्यासाठीच रक्त पातळ ठेवायची गोळीही सुरू होती. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी हिच्याकडून तोंडपाठ करून घेतलं. जखमेतून पाणी येणं, ताप, आणि अचानक कळ येऊन पाय आखूड नि आत वळलेला दिसणं, हेही त्याच यादीत. मग बसल्यापडल्या मांडीचा आणि ढुंगणाचा स्नायू आवळून पाच अंक मोजायचे. टाच गादीवरून आपल्याकडे ओढायची, पण मर्यादेत. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला, पाय मागे. ओटा यासाठी फार छान, हलत नाही आणि उंची बरोबर. हिच्या फोडणीच्या वेळा आणि माझ्या व्यायामाच्या वेळा जुळू न देणं एवढंच जपावं लागतं.

चौदाव्या दिवशी, २५ जुलैला, जखमेच्या क्लिपा काढल्या. श्रावणाचा पहिला दिवस. आदल्या दिवशीची गटारी चुकली, ती कोणी भरून दिलेली नाही.

दुपारी उताणं पडून राहायचं, पायांमधे उशी, कुशीवर वळायचं तरी चांगल्या बाजूला आणि उशी धरूनच. अशा वेळी मी माझ्या सांध्याची माहिती काढत बसायचो. कार्डावर चिकटवलेल्या स्टिकरांवर मापं होती: वाटी ५४ मिलिमीटर, गोळा सिरॅमिकचा ३६. मांडीच्या हाडात जाणारा दांडा टायटॅनियमचा, सिमेंट न वापरता ठोकून बसवलेला. डॉक्टरांनी ‘प्रेस फिट’ म्हटलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड हळूहळू शिरतं. जॉन चार्नली या इंग्रज सर्जननं जेव्हा आजच्या पद्धतीचा पाया घातला तेव्हा त्याचा गोळा ७/८ इंच होता, म्हणजे २२.२२५ मिलिमीटर. आधी त्यानं वाटीला टेफ्लॉन वापरलं, ते काही वर्षांत झिजून गेलं. पुढे १९६२ मध्ये पॉलिथिलीन आलं. ते कुठून आलं? लँकाशायरच्या मागांना प्लॅस्टिकचे गिअर विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून. चार्नलीला ते आवडलं नव्हतं. त्याच्या वर्कशॉपमधला हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ, साहेब बाहेरगावी असताना, ते झिजेच्या यंत्रावर लावून बसला आणि ते झिजेना. माझ्या वाटीचं अस्तर त्याच कुळातलं. हे मी हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “म्हणजे शेवटी फिटरनंच केलं म्हणायचं.” एवढ्या वर्षांत तिनं माझ्या धंद्याबद्दल बोललेलं सर्वांत चांगलं वाक्य.

पाचव्या आठवड्यात काठी. साडेतीनशेची, ॲल्युमिनियमची, उंची कमी-जास्त होणारी. मी ती डाव्या हातात धरली, कारण दुखरा पाय डावा. मॅडमनी काढून उजव्या हातात दिली. म्हणाल्या, सगळे इथंच चुकतात. याचं कारण मला त्यांच्याआधी तरफेनं पटलं. एका पायावर उभं राहिलं की शरीराचा भार खुब्याच्या आतल्या बाजूला, लांबवर असतो आणि त्याला तोलणारा स्नायू बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या अगदी जवळ. आखूड दांडीवरच्या स्नायूला खूप जोर लावावा लागतो, म्हणून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट दाब येतो. काठी विरुद्ध हातात धरली की तिची दांडी लांब पडते, त्यामुळे थोड्याशा टेकूनं स्नायूचं पुष्कळ काम वाचतं. काठी आणि डावा पाय एकदम पुढे, मग उजवा. सिनेमातले लंगडणारे सगळे नट मला आता चुकीचे दिसतात.

त्या दिवसांत पाय लांब झाल्यासारखा वाटायचा. मी टेपनं मोजला, मॅडमनीही मोजला, सारखाच होता. स्नायू आखडलेले असतात, कंबर एका बाजूला कललेली असते, त्यामुळे तसं भासतं, आणि हळूहळू जातं असं त्या म्हणाल्या. गेलं.

२७ ऑगस्टला गणपती आले. पाटावर बसणं बंद, साष्टांग बंद, पंगतीत मांडी घालणं तर कायमचंच विसरा असं डॉक्टरांनी सांगितलंय. पूजेला मुलगा बसला. मी माझ्या वीस इंची खुर्चीवरून त्याला मंत्रांच्या मधे सूचना देत होतो, त्यामुळे तो बसला आणि मी केली, असंही म्हणता येईल. आरतीला मात्र काठी भिंतीला टेकवून उभा राहिलो. ‘घालीन लोटांगण’ला सगळे गोल फिरले, मी छोटी छोटी पावलं टाकत फिरलो. एका पायावर गिरकी घ्यायची नाही, हा नियम तिथंही लागू. माझी गिरकी पूर्ण होईपर्यंत बाकीचे प्रसादाला बसले होते.

सप्टेंबरच्या मध्यावर पहाटे कचराळी तलावावर गेलो, रिक्षानं. आता तिला परवानगी होती. आत शिरायला अजूनही पाठमोराच. तलावाभोवती एक फेरी, दोनदा बाकावर बसलो. बाक ठेंगणे आहेत. महापालिका समोरच आहे, पण उंचीची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची ते काही ठाऊक नाही.

३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बारा आठवडे झाले. सर्जननी एक्स-रे बघून बंधनं बरीच सोडवली. जमिनीवर बसणं आणि उकिडवं बसणं सोडून. उंच सीट मी स्वतः काढली, उकळत्या पाण्यानं धुतली आणि पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना दिली. पुढच्या महिन्यात त्यांचा नंबर आहे. त्यांच्या कमोडची उंची आधी जाऊन मोजून आलो, साडेपंधरा आहे, भांडं गोल आहे, बसेल. दर दोन दिवसांनी क्लॅम्प आवळायला मीच खाली जाणार आहे, त्यांच्या मुलावर माझा भरवसा नाही.

ठोकळेही द्यायचे होते. पण हिनं पलंगाखाली दोन बॅगा आणि तांदळाचा डबा सारून ठेवलाय. झाडूही आता नीट आत जातो म्हणते. त्यांना नवे करून घ्यावे लागतील, ड्रॉइंग माझ्याकडे आहे.